मोटारीच्या अंगावरील फटी

मोटार दुरून पाहिली म्हणजे तिचे शरीर एकाच पत्र्यातून घडविल्यासारखे एकसंध भासते. परंतु जवळ जाऊन पाहणाऱ्यास बोनेट आणि फेंडर यांच्यामध्ये, फेंडर आणि पुढचे दार यांच्यामध्ये, दोन दारांमध्ये, डिकीच्या झाकणाभोवती आणि दोन्ही टोकांस बंपर जेथे शरीराला भिडतो तेथे, बारीक रेषांचे एक जाळेच आखलेले दिसते. या रेषा म्हणजे फटी. त्या सर्वत्र सारख्या रुंदीच्या आणि दोन्ही बाजूंस सारख्या असल्या तर त्यांच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. पण डाव्या दिव्याखाली ३ मिलिमीटरची असलेली फट उजव्या दिव्याखाली ७ मिलिमीटरची झाली, की यंत्रविद्येचा गंधही नसलेल्या माणसास त्या गाडीत काहीतरी बिघडले आहे असे वाटू लागते, मग तो बिघाड नेमका कशात आहे हे त्याला सांगता येवो अथवा न येवो. अशी गाडी गॅरेजात आली म्हणजे ‘बंपर जरा दाबून बसवा’ एवढीच मालकाची मागणी असते, आणि पुष्कळदा तेवढेच केलेही जाते. ते अपुरे का पडते आणि विषम फट खऱ्या अर्थाने सम करावयाची तर कामाचा क्रम कोणता असावा, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे. त्याचे सार प्रारंभीच सांगून ठेवतो: फट जेथे दिसते तेथे तिचे कारण बहुधा नसते, म्हणून जे मुळीच हलविता येत नाही त्यापासून दुरुस्तीचा आरंभ करावा, आणि जे सर्वांत सहज हलते त्यापाशी, म्हणजे बंपरपाशी, तिचा शेवट करावा.

फट ठेवावीच का लागते

फट हा कारागिराचा हलगर्जीपणा नसून ती हेतुपूर्वक राखून ठेवलेली जागा आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. उन्हाळ्यात चौकटीत घट्ट बसविलेले लाकडी दार पावसाळ्यात फुगून अडकणार हे सुताराला ठाऊक असते, म्हणून रंधा मारतानाच तो थोडी जागा सोडतो. मोटारीच्या पत्र्याला पाणी फुगवीत नाही, पण ऊन मात्र फुगविते. पोलादाची एक मीटर लांबीची पट्टी तापमान एक अंशाने वाढले असता मिलिमीटरच्या सुमारे १२ सहस्रांश भागाने वाढते. आजच्या बंपरचे कवच ज्या प्लॅस्टिकचे असते, त्या पॉलिप्रोपिलीनच्या मिश्रणाची वाढ याच्या कितीतरी पट असते. आत खनिज भुकटी मिसळून ती आटोक्यात आणली तरी ती पोलादाच्या चौपट-पाचपट तरी राहतेच. पुण्याच्या माघातील पहाटे १० अंशांवर असलेली गाडी वैशाखात चंद्रपूरच्या भर दुपारी उन्हात उभी राहिली, तर तिचा गडद रंगाचा बंपर ६० अंशांपलीकडे सहज तापतो. या ५० अंशांच्या फरकात १,७०० मिलिमीटर रुंदीचा पोलादी भाग सुमारे १ मिलिमीटरने वाढेल, तर त्याच रुंदीचा प्लॅस्टिकचा बंपर सुमारे ५ मिलिमीटरने वाढेल. जो बंपर शरीरावर जागच्या जागी आवळून टाकला आहे आणि ज्याला सरकावयास वाव ठेवलेला नाही, तो उन्हात कोठेतरी फुगवटा धरणार आणि त्याची फट वाकडी होणार, हे या हिशेबावरून सहज कळून येईल.

उष्णतेखेरीज आणखीही कारणे आहेत. दार उघडताना त्याची पुढची कड फेंडरच्या आतल्या अंगास वळते, तेव्हा तिला वळावयास जागा नसेल तर पहिल्याच उघडझापीत दोन्हीकडचा रंग उडतो. एक चाक खड्ड्यात गेले म्हणजे सारे शरीर किंचित पिळले जाते, आणि तो पीळ सहन करण्यास दारांभोवतीची मोकळीक उपयोगी पडते. म्हणून फट शून्यावर आणणे हे उद्दिष्टच नव्हे. आजच्या सामान्य मोटारीत पोलादी भागांमधील फट बहुधा ३ ते ५ मिलिमीटरच्या दरम्यान असते. तिची रुंदी, तिच्या दोन कडांची समांतरता आणि दोन्ही पृष्ठभागांची समपातळी अशा तीन कसोट्यांवर ती पारखावी लागते. रुंदी अगदी बरोबर असूनही एक पत्रा दुसऱ्यापेक्षा दोन मिलिमीटर वर उभा असेल, तर त्याची सावली पडून तीच फट रुंद दिसते, आणि मग रुंदी दुरुस्त करण्याचा निष्फळ उद्योग आरंभिला जातो.

हाताच्या कामापासून साच्याच्या कामापर्यंत

मोटारीच्या आरंभकाळी शरीर म्हणजे लाकडी सांगाड्यावर ठोकलेला पत्रा असे. दार त्याच गाडीच्या चौकटीत घासून, तासून बसविले जाई. त्यामुळे उत्तम कारागिराच्या गाडीच्या फटी सुबक असत, परंतु एका गाडीचे दार दुसरीस लागत नसे. अमेरिकेत एडवर्ड बड यांच्या कारखान्याने पूर्णपणे पोलादी पत्र्याची शरीरे दाबयंत्रावर घडविण्यास सुरुवात केली आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास डॉज बंधूंच्या मोटारींना ती पुरविली, तेव्हा भागांची अदलाबदल शक्य झाली. पुढे इटलीत १९२२ साली लान्चिया लाम्बदा आणि फ्रान्समध्ये १९३४ साली सित्रोएनची पुढच्या चाकांनी ओढली जाणारी मोटार, या गाड्यांनी वेगळ्या सांगाड्याची प्रथाच मोडीत काढून शरीरालाच सांगाडा बनविले. या स्थित्यंतराचा फटींशी निकटचा संबंध आहे: जेथे शरीर हाच सांगाडा, तेथे शरीरावरील फटीची विषमता ही सांगाड्याच्या विकृतीची बातमी असू शकते.

दाबयंत्रातून निघालेल्या भागांतही उणेअधिक राहतेच. जुन्या कारखान्यांत ते झाकण्यासाठी शिसे आणि कथील यांचा मिश्रधातू सांध्यांवर वितळवून भरीत आणि कानसीने घासून कड सरळ करीत. तो मार्ग दोष झाकण्याचा होता. दोषाच्या मुळाशी जाण्याचा प्रयत्न पुढे झाला. १९९२ साली अमेरिकेतील मोटार-कारखान्यांनी मिशिगन विद्यापीठातील संशोधकांच्या साह्याने आणि सरकारी अर्थबळावर एक योजना हाती घेतली, आणि शरीराच्या मापातील एकंदर विचलन २ मिलिमीटरच्या आत आणावयाचे असे तिचे ध्येय ठरविले. त्या तपासात असे आढळले, की विचलनाचा फार मोठा वाटा पत्र्यांच्या स्वतःच्या आकारात नसून, जोडताना ते पत्रे धरून ठेवणाऱ्या पकडींच्या आणि टेकूंच्या दोषांत असतो. अर्थात कारखान्यातही फटीचे कारण फटीपाशी नव्हते. ते चार पावले मागे होते.

बंपरचा इतिहास त्याहून निराळा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ज्या पद्मिनी मोटारी मुंबईच्या रस्त्यांवर आल्या, त्यांचा क्रोमियमचा मुलामा दिलेला पोलादी बंपर शरीरापासून वेगळा, ब्रॅकेटांवर पुढे उभा असे. त्याच्यात आणि शरीरात बोटभर अंतर राहत असल्यामुळे मिलिमीटरचा हिशेब कोणी करीत नसे. १९७२ सालच्या रेनो ५ या फ्रेंच मोटारीने प्लॅस्टिकचा बंपर शरीराच्या आकारातच मिसळून टाकला. त्याच सुमारास अमेरिकेत १९७३ च्या गाड्यांपासून ताशी ५ मैलांची धडक सोसणारा बंपर कायद्याने आवश्यक झाला, आणि हळूहळू आत धडक सोसणारा बीम, त्यावर फोम आणि बाहेर शोभेचे लवचीक कवच अशी आजची त्रिविध रचना रूढ झाली. आपण ज्याला बंपर म्हणून हात लावतो ते केवळ हे कवच असते. ते जेथे फेंडरला टेकते ती जागा मिलिमीटरांत मोजली जाऊ लागली, आणि ज्या भागाला पूर्वी फटच नव्हती तो भाग फटींच्या तक्रारींत अग्रस्थानी आला.

तपास

दुरुस्तीपूर्वी तपास झाला पाहिजे, आणि तो कागदावर उतरला पाहिजे. गाडी सपाट जमिनीवर, चारही चाकांवर, सारख्या हवेच्या दाबाने उभी करावी. एका बाजूस जॅक लावलेला असताना शरीर पिळलेले असते आणि तेव्हा घेतलेली मापे खोटी ठरतात. सावलीत, गाडी थंड झाल्यावर, प्रत्येक फटीचे माप वर, मध्ये आणि खाली अशा किमान तीन ठिकाणी पाचरीच्या आकाराच्या मापकाने घ्यावे आणि डाव्या बाजूसमोर उजवी बाजू मांडून कोष्टक तयार करावे. ज्याच्यापाशी मापक नसेल, त्याला ठरावीक जाडीची प्लॅस्टिकची पट्टी फटीतून सरकवूनही पुष्कळ कळते.

हे कोष्टक वाचावयाचे कसे? सबंध फट एकसारखी रुंद असेल तर एखादा भाग सरळ रेषेत सरकलेला आहे; फट पाचरीसारखी, एका टोकास अरुंद आणि दुसऱ्या टोकास रुंद असेल, तर एखादा भाग फिरलेला आहे. फेंडर आणि पुढचे दार यांच्यामधील फट वर मिटलेली आणि खाली उघडलेली असेल, तर गाडीचे तोंड वर उचलले गेले असण्याचा संशय घ्यावा. उलट वर उघडी आणि खाली मिटलेली असेल, तर तोंड खाली झुकले असावे, किंवा दारच ओघळले असावे. या दोहोंतील निवाडा करणे सोपे आहे: दार थोडे उघडून मागच्या टोकाशी हाताने वर उचलावे, बिजागरीची पिन झिजली असेल तर ते हातात खडखडते, आणि बंद दाराची आडवी रेषा मागच्या पत्र्याच्या रेषेहून खाली उतरलेली दिसते. बोनेटखालच्या जागेचे दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. दोन्ही बाजूंच्या समान बिंदूंपासून घेतलेल्या या दोन मापांत काही मिलिमीटरांहून अधिक तफावत निघाली, तर चौकट समांतरभुज झाली आहे आणि बोल्ट सैल करून ती काटकोनात येणार नाही.

याच रीतीने जुनी मोटार विकत घेणाराही फटींवरून तिचा पूर्वेतिहास वाचू शकतो. फेंडरच्या बोल्टांच्या डोक्यांवरचा रंग पान्याने उडालेला, एकीकडची फट दुसरीहून निराळी आणि दिवा एकाच बाजूचा नवा, असे तीन दाखले एकत्र आले, तर विक्रेत्याचा जबाब काहीही असो, त्या कोपऱ्यास मार बसलेला आहे.

कामाचा क्रम

आता प्रत्यक्ष दुरुस्ती. शरीराचे सगळे भाग हलविता येत नाहीत. छत, खांब, दाराखालचा पत्रा आणि मागच्या चाकावरचा क्वार्टर पॅनेल हे वेल्डिंगने कायम केलेले असतात. दारे, फेंडर, बोनेट आणि डिकी बोल्टांवर असतात, आणि त्यांची भोके बोल्टापेक्षा थोडी मोठी किंवा लांबट ठेवलेली असल्यामुळे त्यांस काही मिलिमीटर इकडेतिकडे सरकविता येते. बंपरचे कवच क्लिपांवर आणि ब्रॅकेटांवर असते. या तारतम्यातूनच क्रम निष्पन्न होतो. स्थिर असलेल्या क्वार्टर पॅनेलशी मागचे दार जुळवावे, मागच्या दाराशी पुढचे दार, पुढच्या दाराशी फेंडर, दोन्ही फेंडरांशी बोनेट, त्यानंतर दिवे, आणि सर्वांच्या शेवटी बंपर. जो उलट दिशेने निघतो, तो प्रत्येक पायरीवर मागचे काम मोडीत काढतो. कारण फेंडर दोन मिलिमीटर सरकताच आधी बसविलेला बंपर चुकीचा ठरतो.

दार जुळविताना खांबावरील स्ट्रायकर, म्हणजे ज्यात दाराचे लॉक अडकते तो आकडा, प्रथम काढून ठेवावा. तो जागेवर असला तर बंद होताना दाराला उचलतो आणि ओघळलेले दारही बरोबर बसल्याचा आभास निर्माण करतो. बिजागरीभोवती पेन्सिलीने रेघ ओढून मूळ जागा नोंदवावी, दाराला खालून आधार द्यावा, आणि एका वेळी एकाच बिजागरीचे बोल्ट जेमतेम सैल करावेत. पिन झिजली असेल तर ती बदलल्याविना पुढे जाऊ नये. दार चौकटीत मोकळे राहूनही योग्य बसू लागले म्हणजे स्ट्रायकर पुन्हा लावावा. त्याचे काम दार धरून ठेवणे आणि मागची कड आतबाहेर समपातळीत आणणे एवढेच आहे, दाराचे वजन उचलणे हे नव्हे.

फेंडर वरच्या काठावर, दाराजवळच्या खांबावर आणि खाली दाराखालच्या पत्र्यावर अशा तीन ठिकाणी धरलेला असतो. खांबावरील बोल्टाखाली पातळ वॉशर घातला तर त्याची मागची कड बाहेर येते, काढला तर आत जाते. नामांकित कारखान्यांतूनही अशा चकत्या घातलेल्या आढळतात आणि डेंटरने त्या काढताना कोठल्या जागच्या किती होत्या हे नोंदवून ठेवले पाहिजे. बोनेटच्या बाबतीत बिजागरी आणि बोनेट यांमधील बोल्ट त्यास पुढेमागे आणि डावीउजवीकडे नेतात, मागची उंची बिजागरीच्या खालच्या बोल्टांनी ठरते, आणि पुढची उंची आट्यांवर फिरणाऱ्या रबरी गुटक्यांनी ठरते. लॉकची जागा सर्वांत शेवटी, बोनेट आपोआप मधोमध येऊ लागल्यावर. प्रत्येक फेरफारानंतर बोनेट आपटू नये, अलगद खाली आणून कडा एकमेकींस लागत नाहीत याची खातरजमा करावी.

बंपर

इतके झाल्यावर कित्येकदा असे दिसते, की बंपरची फट अर्धीअधिक आपोआपच मिटली आहे. जी उरली तिचे कारण मात्र आता कवचाच्या आत शोधावे लागते, आणि त्यासाठी ते काढावे लागते. ज्यात दिवे व संवेदक असतील अशा गाडीत बॅटरीची ऋण तार आधी सोडावी. चाकावरच्या प्लॅस्टिकच्या अस्तराचे स्क्रू, खालच्या आवरणाचे स्क्रू, वरच्या क्लिपा, आणि मग फेंडरलगतची बाजू बाहेरच्या दिशेने ओढून, अशा क्रमाने ते सुटते. दुसऱ्या माणसाने दुसरे टोक धरावे आणि आतल्या तारांच्या जोडण्या ओढून तोडू नयेत.

कवच निघाल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, फेंडरखाली लपलेला बाजूचा ब्रॅकेट. लहानशा धक्क्यात तोच प्रथम चिरतो. त्याची किंमत बंपरच्या मानाने क्षुल्लक असते, आणि तो मोडलेला असताना बाहेरून कितीही दाबले तरी कवच चार दिवसांत पुन्हा सुटते. दुसरी, कवचाचे कान आणि क्लिपांच्या जागा. तुटलेला कान प्लॅस्टिक-वेल्डिंगने जोडता येतो, पण पॉलिप्रोपिलीनवर सामान्य गोंद धरत नाही, म्हणून डिंकासारखे काहीतरी फासून वेळ निभावून नेणे व्यर्थ. तिसरी, आतला बीम. तो एका बाजूस मागे सरकला असेल तर त्यावर टेकलेले कवचही तिरपे बसणार. तो सरळ न करता भोके लांबविणारा कारागीर फट मिटवितो, पण पुढच्या धडकेत प्रवाशांस वाचविणाऱ्या भागाचा दोष तसाच ठेवतो. हा अपराध मला या धंद्यातील सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो सुबक दिसतो.

कवचच वाकले असेल तर ते उष्णतेने मूळ आकारास येऊ शकते. गरम हवेचे यंत्र दूर धरून, सतत फिरवीत, प्लॅस्टिक नरम होईपर्यंत तापवावे, आतून हाताने आकार द्यावा आणि ओल्या फडक्याने थंड होईपर्यंत तसेच धरून ठेवावे. एका जागी यंत्र रोखले तर रंगास फोड येतो. बसविताना कवच प्रथम मध्यावर टेकवावे, सगळे स्क्रू हाताने दोन-तीन आटे फिरवून सोडून द्यावेत, मग बाजूच्या कडा ब्रॅकेटात खटका वाजेपर्यंत दाबाव्यात, दोन्हीकडची मापे ताडून पाहावीत, आणि तेव्हाच मध्यापासून बाहेर असे आवळीत जावे. लांबट भोकांतले स्क्रू बेताने आवळावेत. ती भोके उन्हात होणाऱ्या त्या ५ मिलिमीटरांच्या वाढीसाठी ठेवलेली आहेत.

कोठे थांबावे

सर्व बोल्ट आपल्या मर्यादेपर्यंत सरकले तरी फट सम होत नसेल, तर दोषाचे स्थान बोल्टांच्या पलीकडे, सांगाड्यात आहे. तेव्हा गाडी सांगाडा ओढण्याच्या मंचावर बांधून, कारखान्याने दिलेल्या मापांशी ताडून, साखळ्यांनी खेचावी लागते. हे काम साधनसंपन्न ठिकाणीच करावे. कडेवर पुट्टीचा थर देऊन फट अरुंद करणे हा मार्ग कोणीही स्वीकारू नये, कारण कडेचा थर कंपनाने तडकतो आणि तडकलेल्या जागेत पाणी शिरून पत्रा गंजतो. ज्या बंपरामागे अंतर मोजणारे रडार असते, त्याच्यावर पुट्टीचे किंवा रंगाचे जाड थर चढविल्यास त्या यंत्राची दृष्टीही मंदावते.

काम पुरे झाल्यावर मालकाने काही गोष्टी स्वतः तपासून घ्याव्यात. बोनेट उघडताना दुसरा, सुरक्षेचा खटका त्याला धरतो की नाही. दारे हलक्या हाताने बंद होतात की नाही. पाणी मारल्यावर आत झिरपते काय. दिवे हलविले असल्यास त्यांचा झोत पुन्हा लावून घेतला आहे काय. आणि तपासाच्या वेळी केलेल्या कोष्टकाशेजारी नवी मापे लिहिली आहेत काय. दोन्ही बाजूंत अर्धा-पाऊण मिलिमीटर फरक उरला तर तो सोडून द्यावा. इतका फरक नव्या गाडीतही असतो.

या सर्व खटाटोपास वेळ लागतो, आणि आपल्याकडे दुरुस्ती बिघडते ती बहुतेक या एका कारणाने. तासाभरात बंपर बसवून मागणाऱ्या मालकाला तासाभरातच बसविलेला बंपर मिळतो, आणि त्याचा दोष एकट्या कारागिरावर टाकता येत नाही. पुढच्या बंपराच्या तक्रारीसाठी गाडी आणली असता जो मिस्त्री मागच्या दारापाशी जाऊन मोजू लागतो, तो वेळ दवडीत नाही. त्याला काम समजले आहे. त्याला मागेल तेवढी मुदत द्यावी, आणि त्याने केलेल्या मापांच्या कोष्टकाची एक प्रत गाडीच्या कागदपत्रांत ठेवावी, म्हणजे पुढच्या धक्क्यानंतर तपासाला आधार राहील.